कंसातलं आधी

तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं आणि त्या तीस वर्षांत फळ्यावर सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल तर 'कंचेभागुबेव'. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आधी कंस सोडवायचा, मग पुढचं. कंस ओलांडून थेट बेरजेवर उडी मारणाऱ्या पोरांचे कान, ते पिळायला परवानगी होती त्या काळात, मी मनापासून पिळले. तेलगावच्या चौफुलीवर आज जे चाळिशीतले गृहस्थ चहा पीत उभे असतात, त्यांतल्या निम्म्यांचा डावा कान उजव्यापेक्षा अंमळ मोठा दिसतो. ती माझी पुंजी.

असा मी. आणि मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मीच कंस खाल्ला, त्याची ही हकिगत.

घरात एक जुना डेस्कटॉप आहे. मुलीच्या बारावीला घेतलेला. मुलगी शिकली, लग्न होऊन गेली, आता तिच्या मुलीच्या बालवाडीच्या रांगेत उभी असते. डेस्कटॉप मात्र खिडकीखाली होता तिथंच. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या डोक्यावरचा हात काढून घेतला आणि विंडोज ११ नं आमचं स्थळ नापसंत केलं. वय जास्त, प्रोसेसर जुना, आणि पत्रिकेत टीपीएम नावाची चिप नाही. दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला. त्यानं फराळाचं ताट मांडीवर घेतलं आणि चकली खाता खाता विंडोज काढून लिनक्स टाकलं.

"काका, फुकट आहे. व्हायरसचा त्रास नसल्यात जमा. आणि सगळा सोर्स कोड उघडा आहे, वाटलं तर वाचू शकता."

वाचू शकतो हे ऐकून बरं वाटलं. सातबाराही उघडाच असतो, म्हणून तो कुणाला कळला असं नाही.

सुरुवातीला मी बिचकत होतो. पण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे मराठीतले धडे मिळाले, दहा-दहा मिनिटांचे. शांत, शुद्ध आवाजात कुणीतरी सांगतं, आता टर्मिनल उघडा, आता हे टाइप करा, आता एंटर दाबा. माझ्या उभ्या नोकरीत माझ्याशी इतक्या सबुरीनं एकही केंद्रप्रमुख बोलला नव्हता. मी विद्यार्थी झालो. गावातल्या हरिनाम सप्ताहाचा जमाखर्च माझ्याकडे असतो, तो वहीतून उचलून संगणकावर आणला. लोकांना मी सांगायलाही लागलो, की १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं छंद म्हणून हे सुरू केलं. त्याच साली आपल्या पुण्यात सी-डॅकनं परम ८००० हा महासंगणक उभा केला. पोराचा पहिला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दहा हजार ओळींचा होता, आज तो तीन कोटींच्या पुढं गेलाय. आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातले पहिले पाचशेच्या पाचशे महासंगणक त्याच कर्नलवर चालतात. "तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच आहे," असं म्हटलं की चौफुलीवरचे लोक खिसा चाचपून बघायचे.

इथंच थांबलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण त्याच दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला होता, "काका, हा कर्नल सगळ्या जगासाठी बनवलेला आहे. आपल्याला नको ते त्यात पन्नास टक्के. आपण आपला बनवू."

घरचा मसाला आणि बाजारचा मसाला हा वाद मला माहीत होता. मी हो म्हटलं.

कर्नल घरी बनवायचा म्हणजे आधी एका भल्यामोठ्या प्रश्नावलीला उत्तरं द्यायची. हॅम रेडिओ हवा का? जॉयस्टिक हवी का? अमुक कंपनीचं नेटवर्क कार्ड हवं का? असे हजारो प्रश्न, आणि बहुतेकांना तीनच उत्तरं: वाय, एम किंवा एन. पुतण्यानं समजावून सांगितलं. वाय म्हणजे घरातला माणूस, कर्नलमध्येच राहणार, चुलीपाशी. एन म्हणजे त्याचं आपलं नातंच नाही. आणि एम म्हणजे मॉड्यूल. तो एरवी आपल्या गावी राहणार, काम पडलं की निरोप धाडायचा, मग येणार. थोडक्यात जावई.

बहुतेक प्रश्नांखाली मदतीचा मजकूर असतो आणि त्यातल्या कितीतरी मजकुरांच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: खात्री नसेल तर नाही म्हणा. हे वाक्य वाचून मी खुर्चीत मागं रेललो. कारण मी तेलगावचा आहे. बीडहून परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडं जाणारा रस्ता आमच्या चौफुलीवर एकमेकांना छेदतात. इथं परका माणूस बसच्या दारात लटकून विचारतो, "ही परळीला जाती का?" आणि खात्री नसलेली चार माणसं एका सुरात म्हणतात, "जाती जाती, बसा." तो माणूस घाट चढून धारूरच्या किल्ल्याखाली उतरतो. नाही म्हणणं आमच्या रीतीत बसत नाही.

पुतण्यानं मात्र सपासप नाही म्हणत नेलं. त्या दोन दिवसांत त्यानं तीन कर्नल बनवले, पहिल्यापेक्षा दुसरा सडपातळ, दुसऱ्यापेक्षा तिसरा. तिसरा बनून बसेपर्यंत ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन आला, गाडी चौफुलीवर आलीय. पोरानं पडद्यावरून सरसर जाणाऱ्या ओळींकडं पाठ करूनच सॅक उचलली, एक शेवटची आज्ञा दिली, तिसऱ्या कर्नलचं नाव यादीत सगळ्यात वर चढवलं, माझ्या पाया पडला आणि पळाला. यंत्र चालूच होतं. मी ते कधी बंद करत नाही. झोपवतो, सकाळी उठवतो. त्यामुळं तिसऱ्या कर्नलची पहिली परीक्षा झालीच नाही. आदल्या वर्षीच्या मार्कांवर वरच्या वर्गात ढकललेला मुलगा असतो, तसा तो महिनाभर पहिल्या बाकावर बसून राहिला.

मार्गशीर्षातल्या त्या बुधवारी रात्री लाइट गेली ती पहाटे आली. झोपलेलं यंत्र झोपेतच गेलं. सकाळी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि एका जागी थिजली. खाली लिहिलं होतं: कर्नल पॅनिक.

"काय म्हणतंय?" आईनं विचारलं. आई ऐंशीच्या पुढं आहे, पण घरात काही बंद पडलं की तिला आधी कळतं.

"कर्नल घाबरलाय म्हणतंय."

"कर्नलच घाबरला? मग शिपायांनी काय करायचं?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यात आज सात वाजता मारुतीच्या मंदिरात सप्ताहाच्या कमिटीची बैठक. जमाखर्च छापून न्यायचा होता. गेल्या वर्षी बुंदीच्या हिशोबात अडीचशे रुपयांचा फरक निघाला होता आणि त्यावरून दोन भाऊबंद अजून एकमेकांच्या पारावर बसत नाहीत. यंदा मी छातीठोकपणे सांगितलेलं, संगणकावर आहे, फरक निघणार नाही. फरक निघायला आधी हिशोब निघावा लागतो, हे ध्यानात आलं नव्हतं.

पुतण्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत बोलला. "काका, पडद्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवा. जशीच्या तशी."

मी चष्मा पुसला आणि शाळेत उतारा वाचून दाखवायचो तशा ठाशीव आवाजात वाचलं: "कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक." पुढं कंसात काहीतरी बारीकसारीक होतं. ते सोडलं. गेल्या वर्षीच्या हिशोबातही 'इतर' च्या पुढं कंसात काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं.

"बरं," पुतण्या म्हणाला. "म्हणजे डिस्क वाचता येत नाहीये. फाइल सिस्टिम खराब झाली असेल, नाहीतर केबल. बघतो. मीटिंग संपली की करतो फोन."

थांबतोय कोण. मी कॅबिनेट उघडलं. आत चौदा वर्षांची धूळ होती आणि एक पालीचं अंडं. केबल काढून बसवली. रॅमची पट्टी काढली आणि तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले; हे औषध कुणी शोधलं माहीत नाही, पण धारूरपासून दिल्लीपर्यंत सगळे तेच करतात. बटण दाबलं. पांढरी अक्षरं, थिजली, पॅनिक.

एव्हाना बातमी गल्लीत पोचली होती. आमच्याकडं मोटारसायकल बंद पडली तरी पाच माणसं जमतात, इथं तर कर्नल होता. पहिला आला समोरचा मोटार रिवाइंडिंगवाला. त्यानं यंत्राला कान लावला. "सर, कॅपॅसिटर गेलाय बघा. मोटार घूं करतीय पण उचलंना." मी सांगितलं, ती मोटार नाही, पंखा आहे. तो म्हणाला, "तेच की. पंख्यालाबी कॅपॅसिटरच असतोय."

मग उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावर उभा करून एक ड्रायव्हर आला. मागं दोन ट्रॉल्या, त्या मागं थांबलेली अर्धी वाहतूक. त्यानं दारातूनच निदान केलं. "रातच्याला बंद पडलं ना? मग हवा धरली असंल. डिझेल संपून गाडी बंद पडली की लाइनीत हवा धरती. पंपाचा नट ढिला करून हवा काढा, लगीच उठती." हे बोलून तो निघून गेला. नंतर विचार करता मला वाटलं, दिवसभरात मिळालेल्या सल्ल्यांत रोगाच्या सगळ्यात जवळ तोच पोचला होता. यंत्र चालत असताना जी गोष्ट आपोआप मिळत राहते, ती बंद पडून पुन्हा सुरू करताना हातानं पोचवावी लागते.

पुतण्याचा फोन अकराला. त्यानं मला ग्रबमध्ये शिरायला लावलं. ग्रब म्हणजे यंत्र सुरू होताना कोणता कर्नल उठवायचा ते विचारणारा दारवान. पूर्वी याच जागेवर लिलो नावाचा दारवान होता. तो कामाला लागला की आपल्या नावाची अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटवायचा आणि बिघाड झाला की मध्येच गप्प व्हायचा. नुसतं 'एल आय' दिसलं, की जाणकार लोक ओळखायचे कुठं अडलंय. निम्मं नाव सांगून गप्प बसणारा पाहुणा जसा, तसा.

"काका, 'ई' दाबा. आता खाली 'लिनक्स' ने सुरू होणारी लांब ओळ दिसेल. त्यात रूट बरोबर यूयूआयडी आणि पुढं लांबलचक आकडा आहे, तो काढून लिहा: स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए दोन."

"कोणता स्लॅश? दोन आहेत."

"उजवीकडं झुकलेला."

"माझ्या उजवीकडं की त्याच्या?"

"काका, तुमच्या घरापुढचा लाइटचा खांब झुकलाय ना, तसा."

हे पटकन कळलं. तो खांब दोन पावसाळ्यांपासून झुकलाय आणि आज पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आला. लिहिलं, एफ टेन दाबलं. पांढरी अक्षरं, पॅनिक. मी घाबरलो, की आता आपण काहीतरी कायमचं बिघडवलं. पण पुतण्यानं सांगितलं की ग्रबमध्ये केलेला बदल त्या एका खेपेपुरता असतो, पुढच्या वेळी सगळं मूळपदावर. आणि तो पॅनिकही दिसतो तितका वाईट नाही. 'नॉट सिंकिंग' चा अर्थ, आता माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा मी डिस्कवर काहीही लिहिणार नाही. मला हे फार आवडलं. घाबरल्यावर पहिलं काम म्हणून हातातली वही मिटून ठेवणारं मी आयुष्यात पाहिलेलं हे पहिलंच. आमच्याकडं माणूस घाबरला की आधी अर्ज लिहितो.

"तुम्ही जुना कर्नल निवडून बघा तोपर्यंत," असं म्हणून तो पुन्हा मीटिंगला गेला. खरं तर एवढंच केलं असतं तर दुपारचं जेवण वेळेवर झालं असतं. पण मला आता ग्रब येत होता. आणि ज्याला नुकतंच काही येऊ लागलेलं असतं त्याच्यापासून देवानं यंत्रांना वाचवावं. मी 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये गेलो, खालचा जुना कर्नल निवडला, आणि एंटर मारायचं सोडून सवयीनं 'ई' दाबला. पुतण्यानं दिवाळीत सांगितलेलं आठवत होतं, डिस्कचे तीन भाग केलेत: पहिल्यात बूटचं सामान, दुसऱ्यात सिस्टिम, तिसऱ्यात तुमच्या फाइली. मला जमाखर्च हवा होता. जमाखर्च तिसऱ्यात. मग दुसऱ्याला कशाला उठवायचं? मी लिहिलं: एसडीए तीन.

या वेळी पॅनिक आलं नाही. शांतपणे एक नवीन ओळ आली, नो इनिट फाउंड.

इनिट म्हणजे कर्नल जागा झाल्यावर सगळ्यात आधी कामाला लागणारा गडी. तो बाकीच्यांना उठवतो, कामं वाटून देतो. कर्नलनं मी दाखवलेल्या घराचं कुलूप काढलं, आत जाऊन हाका मारल्या, तर घरात माणूसच नाही. माझ्या फाइली आहेत, नातीचे फोटो आहेत, बुंदीचा हिशोब आहे, कामाचा गडी एकही नाही. दसरा झाल्यावर आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांवर हेच दिसतं. दाराला कडी, अंगणात बाजेवर म्हातारी, एखादं शाळेतलं पोर. बाकी सगळी कोयते घेऊन उसाला गेलेली, कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. माझ्या वर्गातली बाकंही दिवाळीनंतर अशीच रिकामी व्हायची. हजेरी घेताना नावामागून नाव वाचायचो आणि पुढं कुणी 'हजर' म्हणायचं नाही. काही वेळ मी त्या ओळीकडं नुसता बघत राहिलो.

दुपारी कारखान्यातले दादा आले. तेलगावला सुंदरनगरात लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. दादांचं उभं आयुष्य साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेलं, आता निवृत्त. भोंगा झाला की अजून नकळत मनगटावरचं घड्याळ बघतात. ते आले ते सप्ताहाची वर्गणी द्यायला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी यंत्राला कान लावला नाही, की कॅपॅसिटरचं नाव काढलं नाही. खुर्चीवर बसले, चहाची बशी ओठाला लावली आणि विचारलं, "सर, ह्याचा पहिला जाळ कशावर लागतो?"

मला प्रश्न कळला नाही.

"आता बघा," दादा म्हणाले. "कारखाना चालतो वाफेवर. वाफ बॉयलरात. बॉयलरात जाळायचं काय? बगॅस, म्हणजे चिपाडाचा भुसा. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन बगॅस पडतो, निम्मं त्यात पाणीच असतं, तरी मस्त जळतो. पण बगॅस येतो कुठून? ऊस गाळल्यावर. ऊस गाळायला काय लागतं? वाफ. वाफेला काय लागतं?"

"बगॅस."

"मग पहिल्या दिवशी काय जाळायचं?"

मी गणिताचा मास्तर, आणि तीस वर्षांत कधी हा प्रश्न मला पडला नव्हता. दर दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मग गव्हाणीत मोळी टाकून हंगाम सुरू होतो. पत्रिकेवर नावं कुणाची आहेत ती मी वाचायचो, कुणाचं नाव वरती गेलं त्यावर चर्चाही करायचो. जाळतात काय, हे कधी विचारलं नाही.

"मागच्या हंगामातला राखून ठेवलेला असतो," दादा म्हणाले. "यार्डात, झाकून. हंगाम संपताना लोकांना घाई असती, पण एक माणूस तेवढं बघायला लागतो, की बाबा पुढच्या वर्षीच्या पहिल्या जाळाचं काय. ते राहिलं का इथं?"

ते गेले. मी तसाच बसलो. कप तसाच राहिला. मग उठलो, पडद्यासमोर गेलो, तिसरा कर्नल पुन्हा उठवला, तो पुन्हा घाबरला, आणि मी पहिल्यांदा तो सगळा मजकूर वरून खालपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीच्या वर लिहिलं होतं: उपलब्ध विभाग पुढीलप्रमाणे. आणि पुढीलप्रमाणे काहीच नव्हतं. अपूर्णांकाची रेघ ओढून खाली छेद लिहायचा राहावा, तसं.

तीनच्या सुमारास पुतण्या मोकळा झाला. "काका, एक विचारायचं राहिलं. अननोन ब्लॉकच्या पुढं कंसात दोन आकडे असतील."

"आहेत."

"काय आहेत?"

"शून्य, स्वल्पविराम, शून्य."

पलीकडं इतका वेळ शांतता, की मला वाटलं रेंज गेली.

"काका, हे सकाळी का नाही सांगितलं?"

"कंसातलं होतं."

एवढं बोललो आणि माझे स्वतःचे कान गरम झाले.

त्यानं जे सांगितलं ते असं. कंसात आठ, दोन असं काही असतं, तर अर्थ झाला असता की कर्नलला डिस्क दिसतेय, दुसरा भागही दिसतोय, पण त्यातली लिपी वाचता येत नाही. मग सकाळचा त्याचा तर्क बरोबर होता. शून्य, शून्य म्हणजे त्याला डिस्क नावाची वस्तू जगात आहे हेच माहीत नाही. आणि माहीत का नाही, तर पुतण्यानं सडपातळ करण्याच्या नादात डिस्कशी बोलणाऱ्या ड्रायव्हरपुढं वाय नाही, एम लावला होता. जावई. तोही राहतो कुठं, तर डिस्कवर. डिस्क उघडायला जावई हवा आणि जावयाला बोलवायला डिस्क उघडायला हवी. बगॅसला वाफ, वाफेला बगॅस.

"पण मग पहिले दोन कर्नल कसे चालले?"

"त्यांच्यासोबत इनिटरामएफएस होतं." म्हणजे एक छोटं गाठोडं. ग्रब बायोसच्या, म्हणजे यंत्रात मुळातच बसवलेल्या कारभाऱ्याच्या, ओळखीनं डिस्कवरून कर्नल उचलतो, तेव्हाच हे गाठोडंही उचलून मेमरीत ठेवतो. कर्नल जागा झाला की बायोसची ओळख त्याला चालत नाही, त्याला स्वतःची माणसं लागतात. ती अगदी जरुरीची दोन-चार माणसं, त्या जावयासकट, या गाठोड्यात बांधलेली असतात. तेवढ्यावर तात्पुरता संसार मांडायचा, खरी डिस्क उघडायची, मग गाठोडं फेकून द्यायचं. तिसऱ्या कर्नलचं गाठोडं बांधायची वेळ आली तेव्हा बूटच्या पाचशे एमबीच्या खोलीत जागाच उरली नव्हती, कारण आधीच्या कर्नलची सगळी गाठोडी तिथंच पडून होती. 'नो स्पेस लेफ्ट' अशी ओळ पडद्यावरून गेली असणार. त्या वेळी ट्रॅव्हल्सवाला हॉर्न देत होता.

पुढचं सगळं अर्ध्या तासात झालं. जुना कर्नल निवडला, 'ई' कडं जाणारं बोट दुसऱ्या हातानं धरून ठेवलं, एंटर. यंत्र निमूट उठलं. टर्मिनल उघडलं. पुतण्या फोनवर एकेक अक्षर सांगत होता, मी एका बोटानं टाइप करत होतो, आणि या खेपेला कंस, टिंब, आडवी रेघ, सगळं वाचून दाखवत होतो. रिकामी जागा आली तरी "इथं जागा सोडली आहे" असं म्हणत होतो. तो शेवटी वैतागला, पण मी सोडलं नाही. पहिल्या कर्नलचं सामान काढून खोलीत जागा केली. तिसऱ्याचं गाठोडं नव्यानं बांधायची आज्ञा दिली. यंत्र मिनिटभर घुरघुरलं. ग्रबची यादी ताजी केली. मग रीस्टार्ट.

पांढरी अक्षरं धावली. मी चष्मा काढून हातात घेतला होता. अक्षरं थिजली नाहीत. पडद्यावर नातीचा फोटो आला.

जमाखर्चाच्या सहा प्रती छापल्या. बैठकीत त्या कुणी वाचल्या नाहीत. यंदा बुंदी की शिरा यावरच दहा वाजले.

रात्री आईनं विचारलं, "कर्नलला काय झालं होतं रे?" मी तिला सगळं सांगितलं. वाय, एम, एन, शून्य-शून्य, इनिटरामएफएस, बगॅस, काहीही गाळलं नाही. ती दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवत ऐकत होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "म्हणजे पातेलं घासताना विरजण काढून ठेवलं नव्हतं पोरानं."

एवढ्यात त्याचाच फोन आला. "काका, एक राहिलं. जुने कर्नल फार साठवू नका, खोली परत भरेल. पण एक मात्र असू द्या, अडीअडचणीला."

मी आईला सांगितलं, एक ठेवायला सांगतोय.

"दोन ठेव म्हणावं," आई म्हणाली. "एखादं शेजारचं कुणी वाटी घेऊन येतंच."